भवरेबाईंचा थांबा

मला 'जाऊ द्या' म्हणायची सवय आहे. आमच्या लातूरकडं, औशाच्या माळावर, सगळेच म्हणतात. नळाला पाणी आलं नाही, जाऊ द्या. मास्तर शाळेत आला नाही, जाऊ द्या. ड्रायव्हरच्या नोकरीवर किनवटच्या जंगलपट्टीत बदली झाली तेव्हा ही सवय बरोबर घेऊनच गेलो होतो, आणि तिथं मला कंडक्टर मिळाल्या वनमाला भवरे. पहिल्याच आठवड्यात एका उतारूशी त्यांची हुज्जत चालली होती. मी स्टिअरिंगवरून मान वळवून म्हणालो, "जाऊ द्या ना बाई." बाई गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि म्हणाल्या, "कुठं जाऊ देऊ, डायवरभाऊ? जागा सांगा, तिथं सोडून येते."

सगळी गाडी खदाखदा हसली. मला असा राग आला म्हणता, पुढची सगळी वळणं मी मुद्दाम जोरात घेतली. बाई मात्र कशालाही न धरता मागून पुढं, पुढून मागं तिकिटं फाडत फिरत राहिल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, साडीवर खाकी कोट, चष्म्याला दोरी. त्या घाटात भलेभले दांडीला लोंबकळतात. बाईंना मी दांडी धरलेलं कधी पाहिलं नाही.

त्यांच्या घरचं मला फारसं माहीत नाही. नवरा लवकर गेला एवढं कळलं होतं, तेही दुसऱ्याकडून. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण डब्यात काय असायचं ते पक्कं माहीत आहे. ज्वारीची भाकरी, कोरडी डाळ आणि कच्च्या हिरव्या मिरच्या. मिरची मिठात बुडवून शेंग खावी तशी खायच्या, आणि माझ्या डब्यातल्या गोड वरणाकडं बघून म्हणायच्या, "तुमाला कामून राग येत न्हाई ते आत्ता कळलं."

सुटायच्या वेळेला कुणी लांबून पळत येताना दिसलं की बाई बेल द्यायच्या नाहीत. मी घड्याळ दाखवायचो, हॉर्न वाजवायचो, बेजार व्हायचो. बाई दारातून ओरडायच्या, "दमानं ये गं माय, पडशील!" आणि मला सांगायच्या, "डायवरभाऊ, घड्याळ तुमचं हाय, गाडी त्यांची हाय." आता ह्याच्यावर काय बोलावं? पुढं पुढं मीच गाडी सुरू करण्याआधी आरशात बघायला लागलो.

किनवटहून माहूरला जाणारा तो रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर एकदा बघून या. दोन्ही बाजूंना साग, उन्हाळ्याच्या तोंडावर पळस फुललेला, मधे मोहखेडचा नाला, आणि नाल्यावर निजामाच्या काळातला दगडी पूल. पूल इतका अरुंद, की एका बाजूनं गाडी आली की दुसऱ्या बाजूच्या गाडीनं गुमान थांबायचं. पावसाळ्यात पाणी पुलावरून जायचं, तेव्हा दोन्हीकडच्यांनी थांबायचं. त्या पुलाला मी तिथल्या नोकरीभर शिव्या घातल्या. पण पुलाच्या अलीकडं मोहखेड गाव आणि पलीकडं बाईंची वस्ती, सिद्धार्थनगर. तिथंच मुलींची निवासी शाळा. पुलापाशी गाडी थांबायचीच, म्हणून वस्तीला थांबा मिळालेला. कुणी हुकूम काढून दिलेला नव्हता, तो पुलाच्या अरुंदपणातून आपोआप झालेला.

त्या वस्तीला आसपासची माणसं जुन्या जातीच्या नावानंच ओळखायची. एकदा एक बडा शेतकरी, पांढरं धोतर, कपाळाला गंध, त्याच जुन्या नावानं तिकीट मागायला लागला. बाई म्हणाल्या, "असा थांबा माझ्या गाडीला न्हाई."

"अवो बाई, पुलापलीकडचा. रोज थांबती की गाडी."

"पुलापलीकडं सिद्धार्थनगर हाय. तिथं उतरायचं का? न्हाईतर थेट माहूरला उतरा, देवीचं दर्शन घ्या."

माणूस हट्टी, बाई त्याहून हट्टी. गाडी पुलावर आली. बाई मला म्हणाल्या, "चला, कुणी उतरणारं न्हाई." मी हळूच आरशात बघितलं. तो गृहस्थ लाल झाला होता. आणि गाडीनं गिअर बदलला तसा त्याच्या तोंडून एकदाचं नाव निघालं, "सिद्धार्थनगर, सिद्धार्थनगर! थांबवा की!" बाईंनी तिकीट फाडलं, त्याच्या हातात ठेवलं आणि "सावकाश उतरा, काका" म्हणाल्या. काका म्हणाल्या, हे माझ्या कायम लक्षात राहिलं. त्यानं वर तक्रार केली. डेपोच्या साहेबांनी बाईंना बोलावून माफी मागा म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिकीट दिलं, गाडी नेली, माणूस घरी पोचला. माफी कशाची मागू, तेवढं सांगा." ती माफी अजून राहिलीच आहे.

असली बाई निवृत्त होऊन घरी बसेल असं कुणाला वाटलं असेल तर ते खुळे. माझ्या मागोमाग वर्षभरात त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास पूल पाडून नवा बांधायचं निघालं. मी लातूरला आलो होतो, पण थोरली मुलगी किनवटला दिलेली, त्यामुळं जाणं-येणं होतं. एक दिवस बाईंचा फोन आला. 'कसे आहात' वगैरे काही नाही. "डायवरभाऊ, पुलाची बैठक हाय. बस वळवायला किती जागा लागती ते सायबाला सांगायला माणूस पायजे. या."

गेलो. बैठक मारुतीच्या सभामंडपात. वस्तीतली माणसं नेहमीसारखी बाहेर पायऱ्यांवर बसलेली. बाई सरळ आत गेल्या, एक रिकामी खुर्ची उचलली, साहेबांच्या टेबलाशेजारी ठेवली आणि बसल्या. सरपंच गणपतराव हातभर अंतरावर. ते काही वाईट माणूस नव्हेत, पण खुर्चीकडं त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती मला दिसली. बाईंनाही दिसली असणार. त्या पदर सावरून आणखी ऐसपैस बसल्या.

इंजिनिअर साहेब तरणा होता, स्वभावानं गरीब. त्यानं भिंतीवर पुलाचं रंगीत चित्र लावलं. काय पूल! उंच, सरळसोट, विमान उतरावं असा. जुनं वळण काढून टाकायचं, नाल्याच्या वरच्या अंगानं रस्ता सरळ न्यायचा, दोन्ही बाजूंना उंच भराव. रस्ता निसर्गरम्य म्हणून पुलाच्या तोंडाशी गाड्या उभ्या करून फोटो काढायला खास जागा. गणपतराव खूश, गाव खूश. चित्रातल्या पुलावरून एक गोरी बाई दोरीला कुत्रं बांधून फिरायला निघाली होती.

भवरेबाई उठून चित्राजवळ गेल्या. चष्मा खाली ओढला.

"साहेब, ही बाई कोण?"

"ती... ती काही नाही, चित्रात घालतात तशी."

"आमच्या गावची तर न्हाई. आन कुत्रंबी न्हाई आमचं." माणसं हसायला लागली. बाईंनी बोट नाल्याच्या पलीकडं नेलं. "हितं काय दाखवलंय?"

"हिरवळ."

"हितं सिद्धार्थनगर हाय."

साहेब म्हणाला, "ताई, हे नुसतं कल्पनाचित्र आहे हो. त्यात सगळं दाखवत नाहीत."

"कुत्रं दाखवलंय की!"

मग बाईंनी जे सांगितलं ते पायऱ्यांवरच्या माणसांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. भराव घरांच्या पत्र्याएवढा उंच येणार. वस्ती आणि शाळा त्याच्यामागं खड्ड्यात. वर रुंद, सरळ रस्ता, कुठल्याच गाडीला थांबायचं कारण नाही. बस धरायची तर भरावाखालच्या मोरीतून वाकून जायचं, गावाला वळसा घालायचा, आणि पावसाळ्यात मोरीत पाणी. "फोटो काढणाऱ्यासाठी गाडी उभी करायला जागा हाय," बाई म्हणाल्या, "आन दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणीला न्हाई. पूल बांधा, उंच बांधा, आमाला पायजेच हाय. पण हाय त्याच जाग्यावर बांधा, वळण ठेवा, आन वस्तीसमोर गाडी थांबंल असं करा. एवढंच हाय आमचं."

साहेब म्हणाला, वर कळवतो. मला कुणी काही विचारलं नाही. बस वळवायला किती जागा लागते ते सांगायला मी लातूरहून गेलो होतो, आणि तोंड न उघडता चहा पिऊन परत आलो. बाईंचं हे नेहमीचं. साक्षीदार आणतील, साक्ष मात्र स्वतःच देतील.

वर काय कळवलं देव जाणे, पण पावसाळा संपता संपता मोजणीवाले आले आणि त्याच सरळ रेषेवर दगड रोवून गेले. नुसतेच रोवले असते तर प्रश्न नव्हता. दगडांना त्यांनी लाल ऑइलपेंट फासला. आता माहूरच्या वाटेवर, सागाच्या सावलीत, त्यातला एकटा उभा एक लाल दगड, आणि वर नवरात्र तोंडावर आलेलं! पायी जाणारी माणसं येत होती. मोहखेडच्या गंगाबाई पुलापाशी सीताफळं विकायला बसायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी जाता जाता दगडाला कुंकू लावलं आणि हात जोडले. त्यांचं बघून मागच्या बायांनी हळद वाहिली. कुणी नारळ फोडला. अष्टमीला चुनरी आली, दसऱ्याला घंटा, आणि दिवाळीपर्यंत चार खांबांवर पत्रा टाकून देवी मजेत सावलीला बसली. गाड्या थांबून दर्शन घेऊन जायला लागल्या. माझ्या बायकोनंही खिडकीतून हात जोडले, मी काय बोलणार?

दिवाळीनंतर इंजिनिअरचे मोठे साहेब स्वतः जागा बघायला आले. सगळा गाव, सगळी वस्ती तिथं. मीही होतो, लेकीकडं आलेलो. मोठ्या साहेबांनी देवीचं ठाणं बघितलं, टोपी काढली आणि तरण्या साहेबाला म्हणाले, "अरे, रेषेवर देवस्थान आहे हे सांगितलं नाहीस? इथून रस्ता नेता येणार नाही. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. जुन्या जागेवरच करावा लागेल पूल."

सिद्धार्थनगरच्या माणसांचे चेहरे असे उजळले! बाईंचा धाकटा दीर सुभाष माझ्या शेजारी उभा होता, त्यानं माझा हात दाबला. झालं होतं की काम! वळण राहणार, थांबा राहणार, वस्ती उजेडात राहणार. आता फक्त गप्प बसायचं होतं.

बाई पुढं झाल्या. मी मनात म्हणालो, बाई, आज तरी जाऊ द्या हो, पाया पडतो.

"साहेब, हे देवस्थान न्हाई. हा तुमचाच दगड हाय. तुमच्या मोजणीचा." आणि तरण्या साहेबाकडं वळून म्हणाल्या, "साहेब, तुमीच सांगा कुणी रोवला."

तरणा साहेब मान खाली घालून अगदी हळू म्हणाला, "आम्हीच रोवलाय, सर. रंगही आमचाच."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "देवाला बाटवून राहिली बाई!" दोघं-तिघं पुढं सरसावले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी गंगाबाईंना हाक मारली. "गंगे, तू बोल. पहिलं कुंकू तुझं."

गंगाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढत आल्या. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. "हाव, मीच लावलं. लाल दगड दिसला, माहूरची वाट, हात आपसूक जोडले. जोडले ते खोटे न्हाईत," त्या म्हणाल्या. "पण वनमालाबाई म्हणती ते खरं हाय. गेल्या साली हितं काई नव्हतं."

मोठ्या साहेबांची पंचाईत झाली. ते बाईंना म्हणाले, "अहो, रेषा बदलली तर तुमचाच फायदा आहे ना? मग तुम्हीच कशाला..."

"फायदा हाय म्हणूनच सांगून राहिले," बाई म्हणाल्या. "आमाला थांबा आमच्या हक्कानं पायजे. देवीच्या आडून नको. आज दगडासाठी रस्ता वळवाल, उद्या दगडासाठी वस्ती हलवाल. तवा मी कुणाला इचारू?"

साहेब गाडीत बसून निघून गेले. रेषा होती तिथंच राहिली.

सुभाष त्या दिवशी भररस्त्यात बाईंवर ओरडला. "वैनी, जिंकलेलं घालवलं तुमी! लेकराबाळांच्या तोंडातला घास काढला! काय मिळालं खरं बोलून?"

"माझा बाप नागपूरला दीक्षेला गेला, तो घरातले देव पाण्यात सोडून गेला," बाई म्हणाल्या. "त्याच्या लेकीनं पुलासाठी दगडाच्या मागं लपावं का, सुभाष? तू सांग."

सुभाष तोंड फिरवून वस्तीकडं निघून गेला. पुढं बरेच दिवस वस्तीतलं कुणीच बाईंशी बोललं नाही. शाळेतल्या मुली पाणी भरायला आल्या की बाईंच्या ओट्यावर बसायच्या, त्याही यायच्या बंद झाल्या. हे मला लेकीकडून कळलं. मी फोन केला. काय बोलावं सुचेना, सवयीनं तोंडातून निघून गेलं, "जाऊ द्या बाई." मी वाट बघितली. पलीकडून काहीच आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "ठेवते." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ही बाई हरली तर आपल्यासारख्यांनी मिरची खाऊन तरी काय उपयोग, असं वाटून मी उगाच बायकोवर चिडलो.

आणि मग मोहखेडच्या गंगाबाई उठल्या. गावातल्या पाच-सहा बाया बरोबर घेतल्या, हळदीकुंकू वाहिलं, वाजतगाजत तो दगड उचलला आणि मारुतीच्या पाठीमागच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवला. पुरुष बघत राहिले. "देवीला धुरळ्यात कशाला बसवायचं? हितं सावली हाय," एवढंच गंगाबाई म्हणाल्या. तिथून त्या तशाच पूल ओलांडून सिद्धार्थनगरात गेल्या, बाईंच्या घरात शिरल्या, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वने, चहा टाक." बाई-गंगाबाईंची ओळख कितीतरी वर्षांची, पण ती पुलावरची. मोहखेडच्या घरातली बाई त्या वस्तीत येऊन घरात बसून चहा प्यायली, ही मोठी गोष्ट होती. बाईंनीच मला ती सांगितली. "बगा डायवरभाऊ," म्हणाल्या, "मी खरं बोलले म्हणून माझे रुसले, आन तिचा देव हलला तरी ती आली."

चहा पिता पिता दोघींनी ठरवलं, पुढची बैठक सभामंडपात नाही आणि वस्तीतही नाही. पुलाची बैठक पुलावर.

बैठकीच्या दिवशी मीही गेलो. मोठ्या साहेबांची गाडी पुलाच्या मधोमध आली आणि पुढं जाईना. पुढं बाया बसलेल्या, गावाच्या आणि वस्तीच्या, एकमेकींना लागून. शाळेच्या मुली पुलाच्या कडेच्या दगडी ठोकळ्यांवर ओळीनं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. बाई रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन दारावर थाप मारत होत्या, "उतरा, उतरा, पुलाबद्दल बोलायचं हाय, समद्यांनी उतरायचं!" माणसंही मुकाट उतरत होती. त्या आवाजावर मी निम्मी नोकरी काढली, लोक का उतरतात ते मला माहीत आहे.

मग बाईंनी गाडीत असल्यासारखी बैठक चालवली. "एकेकानं. धक्काबुक्की न्हाई. तुमी मागचे, तुमाला काय म्हणायचं?" ट्रकवाला बोलला, दूधवाला बोलला. हैदराबादहून जंगलाचे फोटो काढायला आलेली चार पोरं होती, गळ्यात कॅमेरे. त्यांनाही बाईंनी सोडलं नाही. त्यातला एक लाजत म्हणाला, "अम्मा, हमकू तो बस दो मिनट रुकने की जगह होना."

"ऐका साहेब!" बाई ओरडल्या. "पाहुण्याला दोन मिनटं थांबायचं हाय. आमालाबी तेवढंच पायजे. दोन मिनटं."

मोठे साहेब घाम पुसत म्हणाले, "बाई, वळण ठेवलं तर गाड्यांचा वेग कमी होईल हो."

"मग?" बाई म्हणाल्या.

सगळा पूल हसला. मोठे साहेबही हसले, नाइलाजानं का होईना.

गणपतराव सरपंच इतका वेळ कडेला उभे होते. ते घसा खाकरून पुढं आले. "साहेब, ही बाई आमच्या पार्टीची न्हाई, आन मेली तरी होणार न्हाई," ते म्हणाले. "पण त्या दिवशी खोटं बोलली असती तर गावाला कळलंबी नसतं. वळण राहू द्या. मोहखेडचं म्हणणं तेच हाय." बाईंनी त्यांच्याकडं बघून मान हलवली, आभार मानले नाहीत. मला तेव्हाही काही बोलू दिलं नाही, हे नमूद करून ठेवतो. दोनदा हात वर केला होता.

पूल जुन्याच जागी झाला. वळण राहिलं, भराव बुटका झाला, कडेनं चालायला वाट आली, वस्तीत उतरायला पायऱ्या आल्या. निजामाचा पूल पाडला तेव्हा मी तिथं नव्हतो ते बरं झालं. फोटो काढायची जागाही झाली, तिथं माणसाएवढा लाल बदाम, पत्त्यांतल्यासारखा, उभा केला, पोरं-पोरी त्याच्यात उभी राहून फोटो काढतात. सगळं झालं, एक सोडून. नवा पूल रुंद, दोन गाड्या आरामात जातात, कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. थांबा द्या म्हणून बाई बांधकामवाल्यांकडं गेल्या. ते म्हणाले, थांबा बसवाले देतात. बसवाले म्हणाले, रीतसर मंजुरी येऊ द्या. मंजुरी कुठून यायची ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. एवढा पूल वळवला, आणि वस्तीसमोरून बस सुसाट जायला लागली.

गेल्या हिवाळ्यात मी बायकोला घेऊन किनवटहून माहूरला निघालो होतो. ड्रायव्हर तरणा, हात चांगला, वेग जरा जास्त. पूल आला तशी मी खिडकीकडं सरकलो. नवं डांबर, गाडीला धक्का म्हणून नाही. बदामापाशी दोन गाड्या उभ्या, माणसं फोटो काढत होती. आणि त्यांच्या थोडं पुढं, रस्त्याच्या मधोमध, एक बुटकी बाई हात वर करून उभी.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाई हलल्या नाहीत. त्यानं परत वाजवला, लांबलचक. गाडीतली माणसं ओरडायला लागली. शेवटी करकचून ब्रेक लागला आणि मी समोरच्या सीटवर आपटलो. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर झुकला. "मरायचंय का, म्हातारे?"

"म्हातारी हाव, आंधळी न्हाई," बाई म्हणाल्या. "दार उघड."

"इथं थांबा नाही!"

"मग तू थांबलास कसा?"

तेवढ्यात पायऱ्यांवरून मुली वर आल्या, शाळेच्या, पाठीवर पिशव्या. त्यांच्यामागं काठी टेकत एक म्हातारा, त्याला धरून सुभाष. एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन. भवरेबाई दारापाशी उभ्या राहून एकेकाला वर चढवत होत्या. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. कंडक्टर पोरगी तरणीच, तिनं ड्रायव्हरकडं बघितलं, मग तिकिटं द्यायला लागली.

"बाई!" मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी वर बघितलं, चष्मा नाकावर ओढला, मला ओळखलं. किती दिवसांनी भेट होत होती. वाटलं, आता काहीतरी बोलतील, विचारतील.

"डायवरभाऊ," बाई म्हणाल्या, "उठा, त्या लेकराच्या मायला बसू द्या."

मी उठलो. तापलेलं लेकरू घेतलेली बाई माझ्या जागेवर बसली. भवरेबाईंनी पत्र्यावर थाप मारली आणि गाडी निघाली. दांडी धरून, वाकून, मी मागच्या काचेतून बघत राहिलो. फोटो काढणारी माणसं त्यांच्याकडं बघत होती, मागच्या गाडीचा माणूस हातवारे करून काहीतरी बोलत होता. बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. माहूरकडून येणारी दुसरी बस वळणावर दिसली होती, आणि त्या रस्ता ओलांडून तिच्या बाजूला, मधोमध जाऊन उभ्या राहत होत्या.